प्लग बसतो, पण कन्सोल ओळखतो का? : स्टिअरिंग व्हीलविषयी वाचकांचे प्रश्न

रेसिंग खेळांसाठी घेतलेले जुने स्टिअरिंग व्हील नव्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रावर, चालेल का, हा या महिन्यात खान्देशातून सर्वाधिक आलेला प्रश्न. त्याच्या जोडीला धूळ, उन्हाळा आणि विजेच्या तक्रारीही आहेत. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ कन्सोल) साठी घेतलेले लॉजिटेक कंपनीचे जी२९ व्हील आहे. आता घरात पीएस५ स्लिम आला. व्हीलची यूएसबी पिन पुढच्या बाजूला बसतच नाही. व्हील बाद झाले का?
— एक वाचक, जळगाव

नाही, बाद झालेले नाही. सोनीने ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले होते की, अधिकृत परवाना असलेली पीएस४ ची स्टिअरिंग व्हील पीएस५ वर चालतील, आणि तीही पीएस५ च्या खेळांसकट. पीएस४ चा साधा कंट्रोलर मात्र पीएस५ वर फक्त पीएस४ चे खेळ चालवतो. लोक हे दोन नियम एकत्र करतात आणि चांगले व्हील विकून टाकतात. तसे करू नका.

तुमची अडचण पोर्टची आहे. पहिल्या पीएस५ ला पुढे एक रुंद यूएसबी आणि एक टाइप-सी होते. स्लिमला पुढची दोन्ही पोर्ट टाइप-सी आहेत. रुंद यूएसबी पोर्ट मागे दोन आहेत, त्यांतल्या एकात व्हील थेट लावा. मध्ये यूएसबी हब (एका पोर्टची अनेक करणारी डबी) घालू नका.

आता क्रम सांभाळा. जी२९ च्या बेसवर (चाकामागच्या, मोटर असलेल्या भागावर) पीएस३ आणि पीएस४ अशा दोन जागांची लहान सरकती कळ आहे, ती पीएस४ कडे ठेवा. पीएस५ साठीही तीच जागा. कळ पीएस३ कडे राहिली तर व्हील नीट ओळखले जात नाही, आणि निम्म्या तक्रारींचे मूळ इथेच सापडते. आधी कन्सोल सुरू करून नेहमीच्या कंट्रोलरने तुमच्या खात्यात जा. मग व्हीलचा अ‍ॅडॉप्टर आणि यूएसबी जोडा. व्हील आपोआप डावी-उजवीकडे पूर्ण फिरेल आणि मध्यावर थांबेल. तेवढा वेळ त्याला हात लावू नका, नाहीतर मध्य चुकतो आणि सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढते. शेवटी व्हीलवरचे पीएस बटण दाबून तेच खाते निवडा. खाते दुसरे निवडले गेले, तर व्हील चालू दिसते, पण खेळ त्याच्याकडे लक्ष देत नाही.

प्रश्न : ओळखीतून लॉजिटेकचे जी९२० स्वस्तात मिळते आहे. माझ्याकडे पीएस५ आहे. सॉफ्टवेअर बदलून ते चालवता येईल का?
— एक वाचक, धुळे

येणार नाही. जी२९ आणि जी९२० यांची मोटर, गिअर आणि पेडल जवळपास सारखीच आहेत, म्हणूनच हा मोह होतो. पण कन्सोल जोडलेल्या वस्तूकडे ओळखपत्र मागतो. ते व्हीलमधल्या सुरक्षा चिपमध्ये असते. जी९२० मधली चिप मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलची आहे, त्यामुळे ते एक्सबॉक्स वन, सिरीज एक्स, सिरीज एस आणि संगणकावर चालते. प्लेस्टेशनला तो परवाना चालत नाही आणि कोणतेही अपडेट ही चिप बदलत नाही. जी२९ आणि एक्सबॉक्सचेही असेच आहे.

जी९२३ घेताना जास्त सावध राहा. ते एकाच नावाने दोन वेगळ्या आवृत्त्यांत येते. खोक्यावर विसंबू नका, व्हीलवरची बटणे पाहा. त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन असेल तर प्लेस्टेशनचे. ए, बी, एक्स, वाय असेल तर एक्सबॉक्सचे. थ्रस्टमास्टर कंपनीच्या व्हीलमध्ये टी१५० प्लेस्टेशनसाठी आणि टीएमएक्स एक्सबॉक्ससाठी आहे. टी२४८ पुन्हा दोन आवृत्त्यांत मिळते.

विकणारा लॅपटॉपला लावून दाखवेल आणि म्हणेल, "बघा, चालतंय." संगणक हे ओळखपत्र मागत नाही, त्याच्यावर सगळीच चालतात. त्यामुळे त्या चाचणीतून व्हील धड आहे एवढेच कळते, तुमच्या कन्सोलवर चालेल की नाही हे कळत नाही. तरी ती चाचणी करून घ्याच. विंडोजमध्ये विंडोज आणि आर ही दोन बटणे एकत्र दाबून 'जॉय डॉट सीपीएल' इंग्रजीत लिहा, मग व्हीलचे गुणधर्म उघडा. व्हील चार-पाच वेळा जोरात टोकापासून टोकापर्यंत फिरवून मध्यावर आणा. पडद्यावरची खूणही मध्यावर यायला हवी. नंतर प्रत्येक पेडल अगदी सावकाश दाबा. पट्टी उड्या न मारता एकसारखी चढली पाहिजे.

प्रश्न : लॉजिटेकचे जुने जी२७ गिअरसह आहे. कन्व्हर्टर लावून पीएस५ वर चालवावे म्हणतो.
— एक वाचक, शिरपूर

आमचा सल्ला स्पष्ट आहे : जी२७ संगणकासाठी ठेवा. हे व्हील पीएस३ च्या काळातले आहे, पीएस४ लाही ते थेट चालत नव्हते. कन्व्हर्टर एक युक्ती करतो. खरा कंट्रोलर त्याला जोडून ठेवायचा, त्याच्या ओळखपत्रावर व्हील आत शिरते. पण प्रत्येक खेळ ते स्वीकारतोच असे नाही, कन्सोलच्या एखाद्या अपडेटनंतर जोडणी बंद पडू शकते, आणि मुळात कन्व्हर्टरवर खर्च करायचा तो एका जुन्या यंत्रासाठी.

संगणकावर मात्र हेच व्हील अजून छान काम देते. त्यासाठी लॉजिटेकचे नवे सॉफ्टवेअर 'जी हब' नको, कंपनीचे जुने 'लॉजिटेक गेमिंग सॉफ्टवेअर' टाका. युरो ट्रक सिम्युलेटर २ सारख्या खेळात ९०० अंश फिरणारे व्हील, क्लच आणि सहा गिअरचा दांडा यांची मजा पुरेपूर मिळते.

एक जुना दोष तपासून घ्या. चालू करताना व्हील एका टोकाला आपटत असेल आणि मध्याऐवजी तिरके थांबत असेल, तर मोटरच्या दांड्यावरची प्लास्टिकची बारीक खाचांची चकती तडकलेली असते. तडकलेली चकती दांड्यावर घसरते आणि व्हीलचा हिशेब चुकतो. फेविक्विकने चिकटवलेली चकती फार टिकत नाही. चकतीच बदलावी लागते.

प्रश्न : खोक्यावर 'पीएस३, पीएस४, एक्सबॉक्स, पीसी' सगळे लिहिलेले स्वस्त व्हील पीएस५ साठी घेऊ का?
— एक वाचक, नंदुरबार

पीएस५ च्या खेळांसाठी घेऊ नका. या व्हीलमध्ये स्वतःचा परवाना नसतो. बेसवर एक जादा यूएसबी पोर्ट असते, त्यात कन्सोलचा (इथे पीएस४ चा) मूळ कंट्रोलर केबलने जोडावा लागतो आणि त्याच्या नावावर व्हील चालते. म्हणजे पीएस५ ला समोर व्हील दिसतच नाही, पीएस४ चा कंट्रोलर दिसतो, आणि त्या कंट्रोलरला पीएस५ चे खेळ बंद आहेत हे वर आलेच आहे.

दुसरे, यातली बहुतेक व्हील फक्त थरथरतात. थरथर म्हणजे फोर्स फीडबॅक नव्हे. फोर्स फीडबॅकमध्ये मोटर तुमच्या हाताविरुद्ध जोर लावते, चाक घसरले की व्हील हलके पडते, वळणावर जड होते. गाडी हातात राहते ती त्यामुळे. खोक्यावर 'व्हायब्रेशन' एवढेच लिहिले असेल तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या. लहान मुलाला पीएस४ वर खेळायला द्यायचे असेल तर हरकत नाही.

प्रश्न : रेस चालू असताना पाय न हलवता अ‍ॅक्सिलरेटर आपोआप कमी-जास्त होतो. ब्रेकही पूर्ण लागत नाही. व्हील जी९२० आहे.
— एक वाचक, भुसावळ

दोन वेगळे दोष आहेत, दोन्ही घरी सुटतील.

अ‍ॅक्सिलरेटरचा दोष धुळीचा. पेडलच्या आत पोटेन्शिओमीटर असतो, दुरुस्तीवाले त्याला पॉट म्हणतात. त्यातल्या कार्बनच्या पट्टीवर एक पाते सरकते. पट्टीवर धूळ बसली की पाते मध्येच संपर्क सोडते आणि गाडीला वाटते, पाय उचलला. आपल्याकडे पेडल फरशीवर असतात, दारे-खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे हा दोष लवकर येतो.

आधी अ‍ॅडॉप्टर आणि यूएसबी काढा, मग पेडलची ९ पिनांची केबल बेसमधून सोडवा. पेडल उलटे करून तळाचे स्क्रू काढा, ते एका वाटीत ठेवा आणि उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. मऊ ब्रशने धूळ झटका. पॉटच्या धातूच्या डबीला पायांजवळ बारीक फट असते, तिथे इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन छोटे फवारे मारा आणि पेडल ३० ते ४० वेळा पूर्ण दाबून सोडा. १५ मिनिटे वाळू द्या, मगच जोडा. गंज काढायचे नेहमीचे तेल वापरू नका. त्याचा ओशटपणा मागे राहतो, त्यावर पुन्हा धूळ चिकटते आणि महिन्याभरात दोष दुप्पट होऊन परततो. क्लीनरनेही फरक पडला नाही, तर पट्टी झिजली आहे. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही चांगला कारागीर पॉट बदलून देईल. मूळ पॉट सोबत न्या, दांड्याची जाडी आणि त्यावर लिहिलेला किलो-ओहम आकडा जुळला पाहिजे.

ब्रेकचे कारण निराळे आहे. या पेडलमध्ये ब्रेकखाली रबराचा ठोकळा असतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात पाय दणकून लावावा लागतो. शिवाय ही पेडल दर वेळी जोडल्यावर आपली हद्द नव्याने शिकतात. म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी तिन्ही पेडल दोन वेळा तळापर्यंत दाबा. ही सवय न लावल्यामुळे कित्येक जण ठणठणीत पेडल खोलून बसतात. एफ१ मालिकेतल्या खेळांत ब्रेकच्या सेटिंगमध्ये 'सॅच्युरेशन' वाढवले की कमी दाबातही पूर्ण ब्रेक मिळतो. तेवढ्यासाठी रबर कापून टाकू नका. रबर गेले की अर्धा ब्रेक, पाव ब्रेक हा अंदाजच पायाला येत नाही.

प्रश्न : थ्रस्टमास्टर टी३०० अर्ध्या तासाने ढिले पडते. लाइट गेली-आली की व्हील वेड्यासारखे फिरते.
— एक वाचक, चाळीसगाव

ढिले पडते ते उष्णतेने. मोटर तापली की तिच्या रक्षणासाठी जोर कमी केला जातो. पारा ४४ अंशांवर असताना बंद खोलीत हे लवकर होणारच. बेसमधल्या पंख्याची वाट मोकळी ठेवा, बेस भिंतीला किंवा पडद्याला टेकवू नका. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू जाळीत अडकतात. व्हील बंद करून ब्रशने ती जाळी आठवड्यातून एकदा साफ करा. खेळात जोर कमी ठेवा. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये 'मॅक्स टॉर्क' १ ते १० असा असतो, उन्हाळ्यात तो ५-६ वर आणून पाहा.

वीज परत आल्यावर फिरते तो दोष नाही, ते मध्य शोधत असते. पण त्या वेळी आरांमध्ये बोटे असतील तर इजा होते, लहान मुले असतील तर आणखीच जपा. लाइट जाताच आधी व्हीलचा प्लग काढायचा, वीज स्थिरावल्यावर लावायचा. कन्सोल आणि व्हील दोन्ही चांगल्या स्पाइक गार्डवर ठेवा. अ‍ॅडॉप्टर जळालाच, तर बेसवर छापलेले व्होल्ट, अँपिअर आणि पिनची प्लस-मायनस बाजू जुळवूनच नवा घ्या. लॉजिटेकच्या जी२७ आणि जी२९ ला २४ व्होल्ट लागतात. राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पिन बसते म्हणून लावणे चूक आहे.

प्रश्न : घरात पीएस५ आणि एक्सबॉक्स दोन्ही आहेत. एकच व्हील दोन्हीवर चालेल का?
— एक वाचक, अमळनेर

फॅनटेक कंपनीच्या व्हीलमध्ये चालेल. त्यांच्याकडे प्लेस्टेशनचा परवाना बेसमध्ये असतो आणि एक्सबॉक्सचा हातात धरायच्या चाकात. प्लेस्टेशनचा बेस आणि एक्सबॉक्स परवान्याचे चाक असा जोड घेतला की दोन्ही साधते. खर्च मोठा आहे, तो झेपत असेल तरच.

प्रश्न : टेबल हलते म्हणून लोखंडी स्टँड करून घेतो आहे. वेगळी यूएसबी पेडल आणि हँडब्रेकही लावायचा विचार आहे. कन्सोल पीएस५, व्हील जी२९.
— एक वाचक, शहादा

स्टँड जरूर करा, व्हीलइतकाच तोही महत्त्वाचा आहे. फॅब्रिकेशनवाल्याला एक इंची चौकोनी पाइप, १६ गेज सांगा. वर १८ मिलीमीटरचा प्लाय. जी२९ च्या तळाला एम६ बोल्टची भोके असतात. कागद तळाला धरून पेन्सिल घासा म्हणजे भोकांचा ठसा उमटेल, तोच कागद प्लायवर ठेवून छिद्रे पाडा. बोल्टची लांबी अंदाजाने घेऊ नका. आधी एक बोल्ट नुसत्या हाताने भोकात फिरवून किती आत जातो ते मोजा. त्यात प्लाय आणि वॉशरची जाडी मिळवा, आणि त्याहून दोन मिलीमीटर आखूड बोल्ट आणा. लांब बोल्ट पान्याने आवळला तर आतले प्लास्टिक फुटते.

पेडलसाठी पुढे आडवी पाइप हवीच, गुळगुळीत फरशीवर ब्रेक दाबला की ती पुढे पळतात. खुर्चीला चाके असतील तर ती काढा किंवा पट्ट्याने खुर्ची स्टँडला बांधा.

वेगळी यूएसबी पेडल आणि हँडब्रेक मात्र घेऊ नका. संगणक एकाच वेळी अनेक उपकरणे वाचतो. कन्सोलवर सगळे व्हीलच्या बेसमधून जावे लागते. पीएस५ च्या पोर्टमध्ये लावलेली अनोळखी पेडल त्याला दिसणारच नाहीत. जी२९ साठी लॉजिटेकचा ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टर तेवढा घ्या, तो बेसमागच्या ९ पिनांच्या जागी बसतो आणि जी९२० व जी९२३ लाही चालतो.