खांद्यात अडकलेला ‘च’

“खांदे दगड झालेत. एक्स-रे नॉर्मल आहे. योगासनंही करते, पण फरक नाही.” दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मला आधीच कळतं: “आता अजून काय करू?” म्हणून ही एक हकीकत लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई ४५ वर्षांच्या. डोंबिवलीहून फोर्टला नोकरी. सकाळची फास्ट, लेडीज डब्यात तासाभराहून जास्त वेळ, बहुतेकदा उभ्यानं. घरी सासूबाईंची औषधं, मुलाची बारावी. मोबाइलवर पाहून गोमुखासन करायच्या: एक हात वरून, एक खालून पाठीमागे नेऊन बोटं गुंफायची.

“पाठीमागे बोटं जुळत नाहीत. दात-ओठ खाऊन ओढते.”

“आणि दुखलं तर?”

“मग आणखी पाच मिनिटं करते. सुटायलाच पाहिजे ना!”

पतंजलींच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातलं ४६वं सूत्र, ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, योग करणाऱ्या अनेकांना ठाऊक असतं. आसन साधायचं कसं, ते पुढच्याच सूत्रात आहे, आणि त्याची सुरुवात होते ‘प्रयत्नशैथिल्य’ या शब्दानं. प्रयत्नातला ताठरपणा सैल होणं. मला हा शब्द फार जवळचा वाटतो. ताईंनी मात्र योगसुद्धा कामांच्या यादीत घातला होता, आणि तोही खांदे वर चढवूनच चालला होता.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना विचारून त्यांचा उजवा हात कोपराखाली आणि मनगटाखाली धरला. “आता याचं वजन माझ्यावर सोडा.”

“सोडलं.”

मी माझे हात हळूच काढून घेतले. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

ताई त्या हाताकडे बघतच राहिल्या. खाली रस्त्यावरची बस निघून गेली, तरी हात वरच. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलंय.

“मला वाटलं, सोडलाय,” त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, “पण पडला असता तर?”

“पडला असता तर मांडीवर पडला असता.”

त्या रडायला लागल्या. रडता रडता वाक्यं येत गेली: गोळ्यांची डबी मीच भरते, सिलेंडर मीच लावते, फीची तारीख मलाच लक्षात ठेवावी लागते. मी ती कागदावर उतरवली आणि प्रत्येक ‘च’भोवती गोल काढून कागद त्यांच्यापुढे ठेवला. माझा कल पहिल्यापासून विचार तपासण्याकडे आहे. पण त्या दिवशी मला दिसलं की ताईंचा ‘च’ डोक्यात सापडायच्या आधी खांद्यावर सापडला होता. तेव्हापासून मी अशा माणसांना आधी हात सोडायला सांगते, मग बोलतं करते.

दुसरी गोष्ट ताकदीची, आणि ती फार जणांकडून राहून जाते. आखडलेला खांदा नुसता ताणून भागत नाही. हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा. त्याची वाटी उथळ, त्यामुळे बरीचशी भिस्त स्नायूंवर. पाठीवरचं पातं खाली आणि बरगड्यांशी धरून ठेवणारे स्नायू दुबळे पडले की मानेलगतचे स्नायू त्यांचंही काम ओढत बसतात. ताईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे आमच्या घरासारखंच.” अगदी तसंच. दमलेल्याला चेपून द्यावं, पण बाकीच्यांनाही कामाला लावावं.

गोमुखासन आम्ही थांबवलं नाही, फक्त दोन हातांत नॅपकिन धरायला सांगितलं. बोटं जुळायची घाई नाही. त्याआधी श्वास घेत खांदे कानांपर्यंत न्यायचे आणि श्वास सोडताना पडू द्यायचे. ठेवायचे नाहीत, पडू द्यायचे. मग मार्जारासन, म्हणजे हात-गुडघे टेकून पाठ वर-खाली करणं, श्वासाच्या लयीत. आणि भिंत: तळवे खांद्याच्या उंचीवर टेकवायचे, कोपर सरळ ठेवून पाठीची पाती जवळ आणायची, मग भिंत ढकलत ती एकमेकांपासून लांब न्यायची, ८-१० वेळा. हे सोपं वाटू लागल्यावर कोपर वाकवून भिंतीवरच दंड. अधोमुख श्वानासन (हात-पाय टेकून कंबर वर उचलणं) महिन्याभरानं, तेही आधी ओट्यावर हात टेकवून. जबडा आवळला किंवा श्वास अडकला की तिथेच थांबायचं.

मात्र हातात मुंग्या येत असतील, जोर कमी झाला असेल, रात्री दुखण्यानं जाग येत असेल किंवा हात वर जाणंच बंद झालं असेल, तर आधी डॉक्टर. मधुमेह असणाऱ्यांत खांदा धरण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यांनी तर डॉक्टरांकडे जायला वेळ लावूच नये. आणि खांद्यासोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर योग बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल.

सहाव्या भेटीपर्यंत दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. पण लोकलमध्ये बॅग खांद्यावरून रॅकवर गेली होती आणि गोळ्यांची डबी मुलाकडे. पहिल्याच आठवड्यात त्यानं सकाळची गोळी रात्रीच्या खणात टाकली. ताईंनी ती त्याला दाखवली, त्यानं काढून योग्य खणात ठेवली, आणि डबी त्याच्याकडेच राहिली.

“तेव्हा खांदे कुठे होते?” मी विचारलं.

“वर गेले होते,” त्या म्हणाल्या. “मग पडू दिले.”