सांगलीत गोडाऊन घेताना पुराचे आकडे खरंच उपयोगी पडतात का?

तुम्ही विचारलंय, सांगलीत गोडाऊन भाड्यानं घ्यायचंय, पूररेषेचे नकाशे आणि पावसाचे आकडे मिळतात, पण त्यावरून निर्णय कसा घ्यायचा. आकडे उपयोगी पडतात, फक्त तुमच्या जागेची उंची तुम्हाला माहीत पाहिजे. ती कुठल्याच नकाशात मिळत नाही.

आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, नदीकडच्या जुन्या पेठेत. हिशेब मी बघते. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात; 2005 ला तिथं पाणी जवळजवळ 54 फुटांपर्यंत गेलं, तरी आमच्या पायरीला लागून थांबलं. तेव्हापासून घरात एकच पालुपद, ‘पाच सालीसुद्धा आत आलं नाही.’ मोठे भाऊजी बँकेच्या माणसालाही हेच सांगायचे. मला ते कधीच पटलं नाही. पाच सालाच्या पुढे नदी जाणार नाही, हे कुणी ठरवलं?

बोळाच्या कोपऱ्यावर एका वाड्याच्या भिंतीवर 2005 च्या पाण्याची खूण रंगवलेली आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्यानं भरली, एक टोक पुतण्याला खुणेशी धरायला लावलं, दुसरं मी शटरपाशी धरलं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, त्यामुळे खुणेची उंची शटरपाशी कळते. नळीतले बुडबुडे जाईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर माप फसतं. आमची फरशी त्या खुणेपेक्षा जेमतेम वीतभर वर निघाली. म्हणजे आयर्विनला साधारण साडेचोपन्न फूट झाले की थप्पीतली खालची पोती गेली. हा आकडा मी खातेवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

मग घरात वाद. पाटबंधारे खात्याची निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांत एकदा. भाऊजींचं म्हणणं, शंभर वर्षांत एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाही. पण त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक, आणि तो धोका दरवर्षी नव्यानं सुरू होतो. लाल रेषेवर 30 वर्षं धंदा केलात तर पूर बघायची शक्यता जवळजवळ चारात एक. निळ्या रेषेवर 10 वर्षांचा भाडेकरार केलात तर तीनात एक. तीनातलं एक गिऱ्हाईक बुडवणार हे माहीत असताना भाऊजींनी कुणाला उधारी दिली असती का?

मी सांगलीला लागूनच्या कुपवाडला उंचावर गोडाऊन मागितलं. भाडं आणि दुहेरी हमाली अंगावर पडेल म्हणून भाऊजी अडून बसले. शेवटी छोटं गोडाऊन घेतलं. द्राक्षछाटणीसाठी भरलेली महागडी विद्राव्य खतं तिकडे, युरिया आणि बाकीची जड पोती पेठेत. ऑगस्ट 2019 ला आयर्विनला साडेसत्तावन्न फूट पाणी झालं. दुकानात कमरेएवढं. ओसरल्यावर युरियाची पोती बघितली तर आत काही उरलंच नव्हतं, नुसती चिपकलेली पिशवी. कुपवाडचा माल छाटणीला विकला गेला आणि त्यावरच माणसांचे पगार झाले. तरी भाऊजींचं आजही म्हणणं, ‘असा पूर पुन्हा येत नसतो.’ 2021 च्या जुलैत पाणी परत 54 फुटांच्या घरात गेलं.

आता तुमचं. सांगलीतला पाऊस बघत बसू नका, इथं ऊन असतानाही पूर येतो. नदीच्या वरच्या अंगाला कोयना, नवजा, महाबळेश्वरला पडणारा पाऊस आणि कोयना, वारणा धरणांतून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) पाणी सोडलंय ते बघा. कोयनेचं पाणी इथं यायला साधारण एक दिवस लागतो, तेवढाच वेळ हातात असतो. आयर्विनला 40 फूट इशारा, 45 धोका. माल हलवायचा निर्णय इशाऱ्याच्या आधी घ्या. 45 झाल्यावर टेम्पो मिळत नाही आणि हमाल स्वतःच्या घरातलं सामान हलवायला गेलेले असतात, त्यांना बोलवायचं तरी कुठल्या तोंडानं?

विम्यात पूर धरलाय का ते वाचा. दुसऱ्या गोडाऊनचा पत्ता पॉलिसीत चढवलेला नसेल तर तिथल्या मालाचा दावा अडतो, आणि हलवलेला माल बिनविम्याचा राहतो. हे एजंट आपणहून सांगत नाही.

माझी नळी लांबच्या खुणेवरून वापरू नका. पुलाजवळची पातळी आणि ओढ्याकाठची पातळी एकसारखी नसते, म्हणून आपल्याच गल्लीतली खूण घ्या. आणि हे सगळं कृष्णेसाठी. चिपळूणसारख्या ठिकाणी हे चालणार नाही. जुलै 2021 ला तिथं पाणी रातोरात चढलं, भरती असली की वाशिष्ठीचं पाणी उतरतही नाही. तिथं माल पहिल्यापासूनच वरच्या मजल्यावर पाहिजे.

तुम्ही भागीदारीत आहात असं लिहिलंय. करारावर सही करायच्या आधी जागामालकाला आणि भागीदाराला दोघांनाही गल्लीतल्या खूण असलेल्या भिंतीशी उभं करा, 2019 ची खूण दाखवा आणि फरशी तिच्यापेक्षा किती खाली आहे ते मोजून करारात लिहून घ्या. ‘आमच्याकडं कधी आलं नाही’ या तोंडी शब्दावर भाडं ठरवू नका. फरशी खुणेच्या खाली असेल तर भाडं तेवढं पाडून मागा, नाहीतर जागा सोडा. कुपवाडला अजून शेड मिळतात.