बसल्यावर नाडी वाढते, मग यांना कामावर पाठवू का?

‘ऑपरेशनला चौदा महिने झाले. जिना चढतात तेव्हा ठीक असतात, पण वर जाऊन खुर्चीत बसले की नाडी वाढते. एरवीही नव्वदच्या खाली येत नाही. हे म्हणतात, मला ड्यूटीवर जायचंय. जाऊ देऊ का? उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?’

हृदय प्रत्यारोपण झालेल्या घरातून हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो. विचारणारी बहुतेक वेळा पत्नी असते, कधी आई. कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून इथली हकिकत अशा अनेक घरांतल्या गोष्टी एकत्र करून मांडली आहे. तब्येतीचे तपशील मात्र असतात तसेच ठेवले आहेत.

गृहस्थ ४६ वर्षांचे, एसटीच्या आगारात लिपिक. हृदयाचा स्नायू सैल होऊन पसरत गेला, पंपिंग १५ टक्क्यांवर आलं. झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटप पाहणाऱ्या विभागीय केंद्राच्या यादीत नाव लागलं, काही महिन्यांनी हृदय मिळालं. ऑपरेशन चांगलं झालं. आता ते दिवसभर घरात खिडकीपाशी बसून असतात.

त्यांच्या पत्नीनं, ताईंनी, पिशवीतून दोनशे पानी वही आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काढून टेबलावर ठेवला. वहीत पट्टीनं आखलेले रकाने होते: तारीख, वेळ, नाडी, ऑक्सिजन, ‘कसं वाटतं’. रोजच्या आठ-दहा नोंदी, त्यातली एखादी पहाटे दोनची. शंभरच्या वरचा प्रत्येक आकडा लाल पेनानं. १०४, १०८, ११२. पानंच्या पानं लाल झाली होती.

गोळ्यांच्या वेळेचा रकाना मात्र वहीत नव्हता.

‘गोळ्या ते स्वतः घेतात. सकाळी नऊला, आणि रात्री जेवण झालं की.’ जेवण कधी होतं? ‘साडेनऊ. कधी साडेदहा. पाहुणे असले तर अकरा.’ आणखी काही देता का? ‘सासूबाई सकाळी गुळवेलीचा काढा देतात. प्रतिकारशक्तीसाठी.’

भीती या घरात भरपूर होती, पण ती सगळी जिन्याला आणि नाडीला चिकटली होती. जिथे खरंच घाबरायला हवं, तिथे कुणी पाहतही नव्हतं. भिऊ नका म्हणून कुणाची भीती जात नाही. तिला योग्य जागी नेऊन ठेवता येतं, आणि पुढच्या चार भेटींत आम्ही तेवढंच केलं.

आधी नाडीचं. आपल्या हृदयाला मेंदूकडून येणारी एक नस सतत लगाम घालत असते, तिला व्हेगस म्हणतात. त्या लगामामुळे स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी ७०-७५ असते. दात्याचं हृदय काढताना या नसा कापल्या जातात आणि नव्या छातीत त्या जोडता येत नाहीत. लगाम नसलेलं हृदय स्वतःच्या मूळ गतीनं, म्हणजे मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोक्यांनी चालतं. ताईंच्या वहीतले बहुतेक लाल आकडे निरोगी प्रत्यारोपित हृदयाचेच होते. काही जणांत काही वर्षांनी या नसा थोड्याफार पुन्हा वाढतात, पण त्याची वाट पाहत बसायची गरज नसते.

बसल्यावर नाडी वाढण्याचं कारणही हेच. चढ लागताच ‘जोरात चाल’ असा निरोप नसेवाटे त्या क्षणी पोचतो, तो मार्ग इथे बंद आहे. मग निरोप रक्तातून येतो, अ‍ॅड्रेनलिनच्या रूपात, आणि त्याला काही मिनिटं लागतात. जिना चढून झाल्यावर तो पुरता पोचतो, आणि रक्तातून ओसरायलाही वेळ घेतो.

हे सांगून पटत नाही, पाहिलं की पटतं. म्हणून दुसऱ्या भेटीत हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्टसमोर दोघांना जिन्यावर नेलं. नोंदी ताईंनीच, त्यांच्याच वहीत केल्या. सुरुवातीला ९६. पाच मिनिटं सपाटीवर सावकाश चालल्यावर १०१. दोन मजले चढून वर पोचताच १०९. खुर्चीत बसल्यावर दोन मिनिटांनी ११७. ताईंचा हात लाल पेनाकडे गेला. ‘थांबा, आता नुसतं बघा.’ पाच मिनिटांनी ११०, दहा मिनिटांनी १००. या सगळ्या वेळात गृहस्थ न अडखळता बोलत होते, आणि बोलत काय होते, तर आगारात त्यांच्या जागेवर बसवलेल्या माणसानं रजिस्टरांचा कसा घोळ घातलाय ते. ताईंनी पेन खाली ठेवलं.

यातून नियम निघाले. कुठल्याही श्रमाआधी ५ ते १० मिनिटं हळू चालून हृदयाला तयार करायचं, आणि संपवताना तेवढाच वेळ हळूहळू थांबायचं. श्रमाचं माप नाडीवरून धरायचं नाही, श्वासावरून धरायचं: चालताना दोन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. अंथरुणातून ताडकन उठायचं नाही, आधी मिनिटभर काठावर बसायचं, नाहीतर चक्कर येते. सुरुवात रोज १५ मिनिटांच्या चालण्यानं करून दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ४५ पर्यंत न्यायचं. छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं, म्हणून पहिले सुमारे तीन महिने चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नसतं. ती मुदत संपून वर्ष होत आलं होतं, तरी या घरात गृहस्थांना भाजीची पिशवीसुद्धा उचलू देत नव्हते. मनाई करताना सगळे सांगतात, उठवताना कुणी सांगत नाही.

आता ज्या गोष्टीला खरंच भ्यायचं, तिच्याकडे वळू.

शरीर नव्या हृदयाला परकंच मानतं, वर्षानंतरही आणि दहा वर्षांनंतरही. त्याला आवरून धरणारं मुख्य औषध बहुतेकांना टॅक्रोलिमस असतं, सोबत मायकोफेनोलेट आणि कमी होत जाणारं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी घ्यायचं असतं आणि रक्तातली त्याची पातळी अरुंद पट्ट्यात राहावी लागते. कमी पडली तर शरीर हृदयावर हल्ला करतं, ज्याला सगळे रिजेक्शन म्हणतात. जास्त झाली तर मूत्रपिंडांना इजा होते, हात थरथरतात. नऊची गोळी अकराला, दुसऱ्या दिवशी साडेनऊला, असं चाललं की पातळी डुलत राहते.

या गृहस्थांच्या फाईलमध्ये एक गोष्ट अशीच दडलेली होती. नवव्या महिन्यात टॅक्रोलिमसची पातळी १६, म्हणजे जास्त आली, म्हणून डोस कमी केला गेला. पंधरा दिवसांनी ती ४ वर होती आणि बायॉप्सीत, म्हणजे मानेच्या शिरेतून तार घालून काढलेल्या हृदयाच्या छोट्या तुकड्याच्या तपासणीत, रिजेक्शन दिसलं. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड द्यावं लागलं. विचारता विचारता उलगडा झाला. त्या पहिल्या दिवशी ते सकाळी नऊची गोळी घेऊन अकराला रक्त द्यायला गेले होते. तपासणी असते गोळीच्या आधीच्या, तळाच्या पातळीची. गोळी पोटात गेल्यावर रक्त दिलं की आकडा फुगतो, फुगलेला आकडा पाहून डोस उतरतो, आणि पुढचं सगळं त्यातून घडतं. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवून लॅबमध्ये जायचं, रक्त दिलं की तिथेच पाण्याबरोबर घ्यायची.

त्या रिजेक्शनच्या काळात त्यांना काय त्रास होत होता? काहीच नाही. हे नीट समजून घ्या. नसा तुटल्यामुळे या हृदयाचं दुखणं सहसा छातीत उमटत नाही. पुढे रक्तवाहिन्या आतून जाड होत गेल्या तरी कळ न येण्याची शक्यता मोठी. म्हणून ‘आता बरं वाटतंय, कशाला पुन्हा मानेतून तार घालायची’ हा विचार घातक आहे. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग लांबत जाणारी बायॉप्सी, आणि ठरल्या वेळची अँजिओग्राफी या हृदयाच्या वतीनं बोलतात.

वहीत नवे रकाने आखले: सकाळी ९ ची गोळी, रात्री ९ ची गोळी, सकाळचं वजन, ताप, रक्तदाब. नाडी दिवसातून एकदाच. वजन दोन दिवसांत दीड किलो वाढलं, ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, पायावर सूज आली, आडवं झालं की दम लागू लागला, किंवा ठोके अनियमित वाटले तर त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या टीमला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. उलटी-जुलाबात तर नक्कीच, कारण जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी उलट वाढू शकते.

गोळ्यांचा साठा हीसुद्धा गावाकडची मोठी अडचण. तालुक्याच्या दुकानात ही औषधं बहुधा मिळत नाहीत. किमान तीन आठवड्यांचा साठा घरात हवा. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत, बसच्या डिकीत नाही. दुकानदारानं ‘तेच औषध, दुसरी कंपनी’ म्हणून दिलं तर टीमला विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको, टॅक्रोलिमसच्या जोडीनं ती मूत्रपिंडांवर बसतात. कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेलं की पहिलं वाक्य ‘माझं हृदय प्रत्यारोपण झालंय’ हेच. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात, टीबीवरचं रिफॅम्पिसिन ती एकदम खाली आणतं.

तिसऱ्या भेटीला सासूबाईंना मुद्दाम बोलावलं. मुलासाठी पहाटे उठून काढा उकळणाऱ्या आईला ‘तुमचं चुकलं’ म्हणणं क्रूर आहे आणि निरुपयोगीही. काढा मग गुपचूप सुरू राहतो. त्यांना इतकंच सांगितलं: ‘आजी, याच्या अंगातली शक्ती जागी झाली तर ती पहिली या हृदयावर धावून जाईल. डॉक्टर तिला मुद्दाम झोपवून ठेवतायत.’ आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मी विषच पाजत होते का गं?’ तसं नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, असं सांगून त्यांना दुसरं काम दिलं: दूध नीट उकळणं, त्याच दुधाचं दही घरी लावणं, फळं धुऊन सोलून देणं, आणि रात्रीचं जेवण आठला वाढणं. अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, ‘इम्युनिटी’ लिहिलेलं काहीही घरात नको. फोडणीतली हळद चालते.

पपनसाचं आजींनीच विचारलं. गणपतीत कोकणातून नणंद पपनसं पाठवते. पपनस आणि ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात, म्हणून प्रसादातली फोडसुद्धा नाही. कच्ची मोडाची मटकी, उसाचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं टाळायची. मटकीची उसळ शिजवून खावी. खिडकीतल्या कबुतरांची विष्ठा यांनी साफ करायची नाही, कुंडीतली मातीही उकरायची नाही. नातवाला पोलिओचे थेंब पाजायच्या आधी टीमला विचारायचं, आणि यांना स्वतःला जिवंत विषाणूची लस कधीच नाही. फ्लूची इंजेक्शनची लस मात्र दरवर्षी.

सासूबाई बाहेर गेल्यावर ताईंनी आवाज खाली आणून विचारलं, ‘हृदय दुसऱ्याचं आहे, म्हणून का हो हे असे चिडके झालेत? पूर्वी असे नव्हते.’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, पुष्कळ जण तो मनातच ठेवतात. दात्याचा स्वभाव हृदयातून येत नाही. स्वभाव आणि आठवणी मेंदूत असतात, हृदय हा स्नायूंचा पंप आहे. पहिल्या महिन्यांत स्टिरॉइडच्या मोठ्या डोसनं झोप उडते, राग भडकतो. पण आता डोस उतरला होता. गृहस्थांना वेगळं विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘दिवसातून दहा वेळा बोट पकडतात हो. मी माणूस आहे की मीटर?’

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल दोघांनीही स्वतंत्रपणे, दोघांनीही शेवटी विचारलं. दोन मजले आरामात चढणाऱ्याला त्याची भीती नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अडचण येऊ शकते, त्यावर उपाय आहे, पण मेडिकलमधून स्वतःहून गोळी आणायची नाही.

आणि ‘किती वर्षं?’ खरं सांगायला हवं. प्रौढांच्या जागतिक नोंदींप्रमाणे निम्मे रुग्ण साधारण १२ वर्षांच्या पुढे जातात, पहिलं वर्ष पार केलेले त्याहून अधिक. नेदरलँडचे बर्ट यान्सेन यांचं प्रत्यारोपण १९८४ मध्ये झालं आणि त्यांनी जवळपास ४० वर्षांचा विक्रम केला. आपल्याकडे पहिलं यशस्वी प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांच्या पथकानं केलं. आकडा कुणाच्याही हाती नाही, वेळेवरची गोळी हातात आहे.

टीमच्या संमतीनं गृहस्थ आगारात परतले, पहिला महिना चार तास, डबा घरचा, टेबल गाड्यांच्या धुरापासून लांब, पावसाळ्यात तोंडाला मास्क. शेवटच्या भेटीत त्यांनी एक घडी केलेला कागद आणला. दात्याच्या घरच्यांना पत्र लिहायचं होतं, वर्षभर लिहिता आलं नव्हतं. कुणी गेलं म्हणून मी आहे, मग आभार कसले मानू, असं त्यांना वाटे. असं पत्र हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण समन्वयकाच्या हाती द्यायचं असतं, त्यात नाव, गाव, हॉस्पिटल, ऑपरेशनची तारीख लिहायची नसते. घरच्यांना हवं असेल तरच ते त्यांच्यापर्यंत जातं, उत्तराची अपेक्षा ठेवायची नसते. कागदावर तीनच ओळी होत्या. तिसरी होती: ‘परवा मी दोन मजले चढून कामावर गेलो, हे तुम्हाला कळावं.’