लेआउट अर्धवट, गेज 'चुकीचं', तरी अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे कन्व्हेन्शनला जावं का?

तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात भावाकडे अमेरिकेत जाताय, त्याच आठवड्यात एनएमआरएचं, म्हणजे तिथल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं कन्व्हेन्शन आहे, पण तुमचं लेआउट, म्हणजे छोट्या रेल्वेची घरातली मांडणी, अजून नुसती प्लायवूड आहे आणि इंडियन इंजिन 16.5 मिमीच्या रुळावर चालतं, तर तिथले लोक नावं ठेवतील का.

जा. उत्तर संपलं खरं तर. पण हे 'गेज (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) चुकीचं आहे' तुमच्या डोक्यात कुणी घातलं ते सांगा, कारण मला दाट संशय आहे की त्या माणसाला मी ओळखतो.

मी मूळचा मिरजेचा. माझ्या लहानपणी आमच्या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि लातूरकडे जाणारी नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या यायच्या, शाळा सुटली की आम्ही दप्तरासकट पुलावर. त्यामुळे मिरजेच्या माणसाला गेज शिकवायला जाऊ नये. पण आमच्या मॉडेल रेल्वेच्या ऑनलाइन ग्रुपवरच्या एका गृहस्थांनी शिकवलं. 1998 साली कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम सुरू झालं तेव्हा मी पुण्यात नवीन नोकरीला होतो, तिथून हे वेड लागलं, ते पुढे ओहायोला आल्यावर बळावलं आणि आठ महिने खपून मी स्टायरिन प्लास्टिकच्या शीट कापून डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल इंजिन बनवलं, एचओ या मापात, आमच्या मिरज लाइनवर धावायचं ते. फोटो टाकले तर पहिलीच कमेंट यांची: एचओ म्हणजे 1:87, आपलं ब्रॉडगेज 1676 मिमी, भागाकार करा, 19.3 येतात, तुम्ही 16.5 वर चालवताय म्हणजे हे मॉडेल नाही, खेळणं आहे.

गणित बरोबर आहे हो! पण 19.3 करायचं म्हणजे रूळ, सांधे, प्रत्येक चाकाची जोडी हातानं बनवायची, बाजारात काही तयार मिळत नाही. इंग्रज लोक डबल-ओ या त्यांच्या मापात 18.83 पाहिजे तिथे 16.5 वर इतकी वर्षं गाड्या चालवतायत, त्यांच्या सगळ्या घरांत खेळणीच आहेत का मग? आणि या गृहस्थांनी स्वतः 19.3 चा एक फूटसुद्धा रूळ टाकलेला नाही. असो.

2014 च्या जुलैत कन्व्हेन्शन क्लीव्हलँडला होतं, कोलंबसहून दोन-सव्वादोन तास, म्हटलं जाऊच. बायकोचा पोळ्यांचा डबा घेतला, आत फोम कापून बसवला, त्यात इंजिन. मॉडेल परीक्षणासाठी ठेवायची एक खोली असते, तिथे मांडलं आणि चोरासारखा बाजूला उभा राहिलो. एक आजोबा आले, कपाळावर भिंगाचा पट्टा, हात लावू का म्हणून विचारलं, इंजिन तळहातावर घेऊन उलटं केलं आणि म्हणाले, "ट्रायमाउंट!" बाकी काही नाही, एवढंच. आपल्याकडे लोकांना वाटतं डब्ल्यूडीएम-2 बनारसच्या कारखान्याचं, पण मूळ डिझाइन अमेरिकेतल्या आल्को कंपनीचं, 1962 ला पहिली इंजिनं तिकडूनच आली, आणि त्याच्या ट्रायमाउंट बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीत, तीन आसांमधलं अंतर सारखं नसतं, त्यावरून आजोबांनी ओळखलं.

मी आपलं आधीच सांगून टाकलं की रूळ अरुंद आहे, खरं गेज साडेपाच फुटी. ते म्हणाले त्यात काय, आमची एरी रेलरोड एकोणिसाव्या शतकात सहा फुटी गेजवर होती. मग माझ्याकडे बघून जरा हळू आवाजात म्हणाले, पण तुमची एक बोगी उलटी बसलीये.

बघतो तर खरंच. आठ महिने ते इंजिन माझ्या नाकासमोर होतं, ग्रुपवर गेजवरून दीड-दोनशे कमेंट झाल्या होत्या, आणि उलटी बोगी एकालाही दिसली नव्हती, त्या गृहस्थांना तर नाहीच नाही. आजोबांनी खिशातून पेनाएवढा स्क्रूड्रायव्हर काढून दिला, तिथेच फिरवून बसवली.

मार्क 79 आले, 125 पैकी. मेरिट सर्टिफिकेटला 87.5 लागतात. गेले कशात, तर खऱ्या इंजिनाशी किती जुळतं याचे 25 असतात आणि मी खऱ्या इंजिनाचा एक फोटो, एक ड्रॉइंग सोबत ठेवलं नव्हतं, त्या लोकांनी जुळवून बघायचं कशाशी? चूक शंभर टक्के माझी. तुम्ही काही नेणार असाल तर कागद न्या, गेजचं मरू दे.

अर्धवट लेआउटचं म्हणाल तर ती लाज तिथे पहिल्याच दिवशी जाते. लेआउट टूर असतात, लोक आपापल्या घराचं तळघर उघडं ठेवतात. मी गेलो त्या एका घरी पाण्याचा हीटर डोंगराच्या आत लपवला होता आणि डोंगराची मागची बाजू म्हणजे नुसती जाळी आणि वर्तमानपत्राचे तुकडे. मालक तेच आधी दाखवत होता, कौतुकानं. पूर्ण झालेलं लेआउट मला अख्ख्या टूरमध्ये एकच दिसलं आणि तिथे कुणी थांबत नव्हतं.

आता दोन-तीन गोष्टी ज्या खरं तर आधी सांगायला हव्या होत्या. कन्व्हेन्शन आठवडाभर चालतं, दिवसभर क्लिनिक म्हणजे तास-तासाची लेक्चरं, लहान मुलं नेलीत तर ती तुम्हाला खातील. त्यांच्यासाठी वीकेंडचा ट्रेन शो, त्याचं तिकीट वेगळं मिळतं आणि भाऊ-वहिनींनाही तेवढंच पुरे. गाव दरवर्षी बदलतं, 2024 ला लाँग बीच होतं, 2025 ला मिशिगनमधलं नोव्हाय, त्यामुळे भावाच्या घरापासून किती लांब ते आधी बघा, अमेरिकेत 'जवळच आहे' म्हणजे सहा तास ड्रायव्हिंग निघू शकतं. खर्चाचं विचारू नका, माझे आकडे जुने आणि मी झोपलो मित्राच्या सोफ्यावर.

आणि तिथून डीसीसी, म्हणजे गाड्या डिजिटल पद्धतीनं चालवायचा सेट घेतलात तर अडॅप्टरवर 100-240 लिहिलंय का ते खोक्यावर न बघता अडॅप्टर हातात घेऊन वाचा. नुसतं 120 असेल तर आपल्या 230 ला पहिल्याच दिवशी धूर.