साहेब म्हणतात ‘गोपनीय’, समन्स मात्र तुमच्या नावाचं

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत लेखा विभागात लिपिक आहे. रस्त्याच्या कामाच्या बिलांवरून लोकायुक्त कार्यालयाचं समन्स माझ्या नावाने आलंय. त्यावर १९७१ च्या महाराष्ट्र लोकायुक्त कायद्याचं कलम ११ लिहिलंय. मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) आणि बिलांची फाइल घेऊन जबाबासाठी मुंबईला बोलावलंय. साहेब म्हणतात, फाइल गोपनीय आहे, जाऊ नका, मी बघतो. बिलांवर माझ्याही सह्या आहेत. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही जा. साहेब ‘बघतो’ म्हणाले तरी त्या तारखेला गैरहजेरी तुमच्याच नावावर लागेल.

लोकायुक्त शेवटी फक्त शिफारस करतात, म्हणून त्यांच्या समन्सलाही वजन नाही, असा समज सरकारी कचेऱ्यांत पक्का बसलाय. तो चुकीचा आहे. माणूस बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवणं यासाठी कलम ११ ने त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिलेत. समन्स डावललं तर वॉरंट निघू शकतं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो.

आता ‘गोपनीय’चं. याच कलमाचं चौथं पोटकलम साहेबांना वाचून दाखवा. सरकारी गुप्ततेचं कुठलंही बंधन या चौकशीला आडवं येत नाही. अपवाद आहेत ते देशाची सुरक्षा, मंत्रिमंडळाची चर्चा अशा बाबींचे, आणि तिथे मुख्य सचिवांचा दाखला चालतो. नगरपालिकेच्या रस्त्याची बिलं त्यात बसत नाहीत.

पण फाइल कचेरीची आहे, ती परस्पर उचलून नेऊ नका. आजच मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या, समन्सची प्रत जोडा, मूळ कागद मागा. स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. फाइल मिळाली नाही, तर ती पोच घेऊन हजर व्हा आणि फाइल कोणाच्या ताब्यात आहे ते लेखी सांगा. मिळाली, तर आधी प्रत्येक पानावर क्रमांक टाका, झेरॉक्सचा एक संच कचेरीत ठेवा, कागदांची यादी दोन प्रतींत करा आणि लोकायुक्त कार्यालयात एका प्रतीवर पोच घ्या. एखादं पान पुढे सापडेनासं झालं की बोट आधी लिपिकाकडेच जातं. (नुसते कागद मागितले असते, तर ते दुसऱ्याच्या हाती पाठवूनही भागलं असतं. जबाबासाठी मात्र स्वतःच जावं लागतं.)

तुमची खरी धास्ती सह्यांची आहे, हे कळतंय. समन्ससोबत तक्रारीची प्रत आली आहे का, ते पाहा. ज्याच्याविरुद्ध रीतसर चौकशी होते, त्याला ती द्यावीच लागते आणि त्याचं म्हणणंही घ्यावं लागतं. प्रत नसेल, तर तूर्त तुम्ही बहुधा साक्षीदार आहात. साक्षीदाराला अडचणीचा प्रश्नही टाळता येत नाही. पण हरकत नोंदवून, भाग पाडल्यावर दिलेलं उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १३७ हे संरक्षण देतं. म्हणून आधी हरकत, मग उत्तर. खोटं उत्तर मात्र साहेबांसाठीही देऊ नका, त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्याविरुद्ध गुन्हा आधीच दाखल असेल, तर गोष्ट वेगळी, वकील गाठल्याशिवाय जबाब देऊ नका.

जबाब टाइप होऊन समोर आला की ओळन् ओळ वाचा. बिलाचा आकडा किंवा तारीख चुकली असेल, तर तिथेच दुरुस्त करून घ्या, मगच सही करा.