चेन उतरते म्हणून कसत सुटू नका

रावेरच्या भाऊंचा प्रश्न: तीन टनी जुनी मिनी पोकलेन घेतली, केळीच्या बागेत ठिबकच्या मेन लाइनचे चर मारताना रबरी चेन महिन्यात दोनदा उतरली. मिस्त्री म्हणतो, अजून टाइट करा.

भाऊ, आधी स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, धुऊन काढा. आपली काळी माती दातांत बसून वाळली की वीट होते, आणि ढिली वाटणारी चेन फिरताना तटतटून ताणली जाते. त्यावर तुम्ही आणखी कसली तर आतल्या पोलादी तारा आणि आयडलरचं (दुसऱ्या टोकाच्या बिनदाती चाकाचं) बेअरिंग, दोन्ही जातात.

मग बूम (मशीनचा हात) आणि ब्लेड (माती लोटायचं पातं) टेकवून मशीन उचला, खाली ओंडके लावा. खालच्या रांगेतल्या मधल्या रोलरपासून चेनच्या आतल्या बाजूपर्यंत पट्टीने मोजा. या आकाराला साधारण 10 ते 15 मिमी झोळ असतो. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला आकडा खरा. चेनवर आडव्या आठासारखी जोडाची खूण असेल तर मोजताना ती वर, मध्यावर आणा.

चेन दाबाखालच्या ग्रीसने ताणलेली असते; ढिली करायची असेल तर त्या ग्रीसचा व्हॉल्व्ह हळूहळू सोडा, एका फेऱ्याच्या वर नाही, आणि तोंड बाजूला ठेवून. मी एकदा घाईत पुरता सोडला. ग्रीसची पिचकारी कानाशेजारून गेली ती मागच्या पत्र्यावर फाटकन बसली. ग्रीस येत नसेल तर व्हॉल्व्ह आणखी न सोडता चेन जराशी फिरवा. हे ग्रीस कातडीत घुसलं तर वरून टाचणीएवढं भोक दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तरी त्याच तासाला दवाखाना गाठा.

उतरण्याचं मूळ पुष्कळदा ऑपरेटरच्या वळणात असतं. एका जागी गर्रकन फिरवणं बंद करा, तीन-चार टप्प्यांत वळा. दगडाच्या किंवा बांधाच्या कडेवर अर्धी चेन चढवून तर वळूच नका.

कपाशीच्या रानात जाणार असाल तर पऱ्हाट्या आधी उपटून घ्या. विळ्याने तिरपी छाटलेली धसकटं म्हणजे भालेच. माझ्या चेनला असाच नखाएवढा काप गेला होता, मी म्हटलं चालतंय. पावसाळाभर त्यातून पाणी मुरलं, तारा गंजल्या, आणि दिवाळीनंतर भर चरावर चेन तुटली. नवी जोडीनेच घ्यावी लागली.

मे महिन्यात चेनच्या रबराला ऊन लागू नये म्हणून मशीन निंबाखाली लावा. चेनवर डिझेल किंवा खताचं पाणी सांडलं तर त्याच दिवशी धुवा.

जुनी मशीन आहे, तेव्हा स्प्रॉकेटच्या दातांचा फोटो टाका. दात हुकासारखे वाकडे झिजले असतील तर झोळ कितीही बरोबर ठेवा, चेन उतरणारच.