इंग्लंडमध्ये राहतो, सिव्हिल इंजिनिअर आहे, बंद पडलेले जुने कालवे परत सुरू करणाऱ्या ग्रुप्सना फुकट सल्ला देता येईल का?

हो, नक्की द्या, खूप गरज आहे. इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही कालवे आणि जलमार्ग जपणारी १९४६ ची संस्था, कालवे परत सुरू करणाऱ्या ग्रुप्सना मदत करायला त्यांचं रिस्टोरेशन हब आहे, तिथे इंजिनिअर लोक विनामोबदला गाइडन्स देतात, त्यांना मेल टाका.

गवत काढायला, विटा रचायला माणसं मिळतात हो, पण पाणी कुठून आणायचं, किती झिरपणार, रस्ता रुंद करताना पाडलेल्या पुलाच्या जागी बोट जाईल एवढी उंची कशी काढायची, हा हिशोब करणारं कोणीतरी लागतं आणि प्रोजेक्ट बहुतेक तिथेच अडकतात. जुन्या कालव्याचा तळ मळलेल्या चिकणमातीचा असतो, पडल क्ले म्हणतात, कालवा वर्षानुवर्षं कोरडा राहिला की ती तडकते, झाडांची मुळं पण घुसतात, त्यामुळे ड्रॉइंगवर बसण्याआधी खड्डे घेऊन ती माती स्वतः बघाच. आणि लॉकची, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदाची, भिंत जुन्या चुन्यातली असेल तर कडक सिमेंट मारू देऊ नका प्लीज, विटा फुटतात.

डिझाइनवर सही करायच्या आधी इन्शुरन्स कोणाचा ते लेखी घ्या. वॉटरवे रिकव्हरी ग्रुप म्हणजे कालवे दुरुस्त करणारे स्वयंसेवक, त्यांच्या एखाद्या कॅनाल कॅम्पला, म्हणजे साइटवरच्या श्रमशिबिराला, जाऊन आलात तर साइटची माणसंही ओळखीची होतील.